स्टेशन अळूवडीचा शेवटचा बुधवार

"माझ्या मुलीला माझा कंटाळा येणं टेक्निकली शक्यच नाही," यतीन खांबेटेने अर्धी चकली तोंडात आणि अर्धी हातात अशा अवस्थेत जाहीर केलं. "तुमच्या पोरांना तुमचा येतो, कारण तुम्ही म्हणता, गेम बंद कर. मी म्हणतो, सरक, मला बसू दे."

दिवाळीचा रविवार होता. नेदरलँडमध्ये, आइंडहोवनच्या त्याच्या घरी तीन कुटुंबं फराळाला जमली होती. सोफ्यावर शेजारी ऑफिसातला चंद्रहास बसला होता. त्याचा मुलगा गेले सहा महिने त्याच्याशी फक्त वायफायच्या पासवर्डपुरता बोलत होता, त्यामुळे हे वाक्य चंद्रहासला जरा लागलं.

"बारा वर्षांची होऊ दे, मग बघू," तो म्हणाला.

"अकरा संपत आलं की. काही फरक नाही. येत्या बुधवारी आमचा दोघांचा जंगी कार्यक्रम आहे. थांब, तिच्याच तोंडून ऐक. अवनी! अगं खाली ये जरा, चंद्रहासकाकांना सांग बुधवारी काय आहे ते!"

जिन्यावरून उत्तर तेवढं खाली आलं. "वेन्सडे? आय ॲम ॲट फेनाज!" फेना म्हणजे तिची मैत्रीण.

चंद्रहासने आणखी एक चकली उचलली. "मस्त झाल्यात," तो म्हणाला. "खुसखुशीत."

यतीन हसला, पण उसनं. बुधवारी जग बुडणार होतं आणि अवनीला ते आठवतही नव्हतं.

म्हणजे जग तसं छोटंच होतं. 'झेफिरा' नावाची सिनेमांची एक मालिका होती. सात सिनेमे, तीन टीव्ही सीरियल, असंख्य टीशर्ट आणि एक ऑनलाइन गेम एवढा तिचा पसारा. यतीनने पहिला सिनेमा कॉलेजात असताना पाहिला होता, अशा सीडीवर, जिच्यात पडद्यासमोरून एक माणूस उठून बाहेर जाताना दिसायचा आणि शेवटपर्यंत परत यायचा नाही. त्या माणसासकट त्याला तो सिनेमा आवडला होता. पुढचे सहा आवडले नाहीत, तरी ते त्याने पाहिले, कारण एकदा पंगतीला बसलं की ताक येईपर्यंत उठायचं नाही हा त्याचा स्वभाव.

आता चाळिशी ओलांडल्यावर त्याला त्या सिनेमांतली एक गोष्ट खटकायला लागली होती. सातही सिनेमांत मिळून एक बाप धड नव्हता. पहिल्यात बाप पहिल्या दहा मिनिटांत मरतो. तिसऱ्यात कळतं की मेला नव्हता, नुसता दुसरीकडे बदली घेऊन गेला होता. पाचव्यात खरोखर मरतो. सहाव्यात तो जहाजाच्या कॉम्प्युटरचा आवाज होऊन परत येतो आणि उरलेला सगळा सिनेमा मुलीला इंधन किती शिल्लक आहे ते सांगत बसतो. मुलगी "हो, माहितीये" म्हणते आणि सूर्यमाला वाचवते. हा सहावा भाग पाहताना यतीनला गलबलून आलं होतं. शेजारी संपदा, त्याची बायको, गाढ झोपली होती.

गेमचं तसं नव्हतं. गेममध्ये बापाला काम होतं. अवनी सात वर्षांची असताना त्याने तिला शेजारी बसवलं, आणि चार वर्षांत दोघांनी मिळून अवकाशात एक स्टेशन बांधलं. नाव ठेवलं स्टेशन अळूवडी, कारण त्या दिवशी जेवायला तीच होती. त्यात अठ्ठावीस खोल्या होत्या. एका खोलीत फक्त झाडं, एका खोलीत फक्त अवनीने पकडून आणलेले सहा पायांचे बैल. एका खोलीला दारच नव्हतं, ते बसवायचं यतीनकडून राहिलं होतं, आणि आत एक रोबोट तीन वर्षं अडकून पडला होता. अवनी रोज भिंतीपलीकडून त्याला "हॅलो, मिस्टर" म्हणायची.

मुख्य म्हणजे तिथे ती बोलायची. एरवी यतीन मराठीत विचारायचा, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि चिडली की डच. त्याचं डच बेकरीच्या काउंटरपलीकडे गेलेलं नव्हतं, त्यामुळे मुलगी नेमकी कशावर चिडली आहे हे त्याला कधीच पुरतं कळायचं नाही. पण हेडसेट लावला की ती "बाबा, मागे बघ! बाबा, मला सोडून जाऊ नको!" असं शुद्ध मराठीत ओरडायची. एवढ्या दोन वाक्यांवर त्याचे आठवडेच्या आठवडे निघायचे.

त्याचे वडील, मनोहर खांबेटे, एकदा पुण्यातल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याला शोधत आले होते. ओरडले नाहीत. मागे उभे राहून त्यांनी त्याचा खेळ संपेपर्यंत पाहिला आणि मग शांतपणे विचारलं, "यातून पुढे काय?" तीस वर्षं यतीन या प्रश्नाचं उत्तर जुळवत होता. अवनी शेजारी बसायला लागली तेव्हा त्याला वाटलं, सापडलं. वडील तोवर गेले होते.

आणि मग सप्टेंबरात कंपनीची मेल आली, की खेळणारे उरले नाहीत, म्हणून गेम कायमचा बंद करतोय. दोन नोव्हेंबर, बुधवार, कॅलिफोर्नियाच्या वेळेने सकाळी नऊ वाजता.

यतीन ज्या कंपनीत होता तिथे चिप बनवायची अवाढव्य यंत्रं बनायची. त्या यंत्राच्या पोटात शेकडो घड्याळं असतात आणि ती सगळी एकमेकांशी जुळलेली ठेवायची, हे यतीनचं काम. सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा फरक पडला तर रात्रीबेरात्री त्याला फोन यायचा. असा माणूस कॅलेंडरला कशाला विचारेल? कॅलिफोर्निया नऊ तास मागे, नऊ अधिक नऊ अठरा. त्याने फ्रिजवर जाड मार्करने लिहिलं: बुधवार, सहा वाजता, अळूवडी.

फराळाची मंडळी गेल्यावर बापलेकीत वाटाघाटी झाल्या.

"फेनाचं नंतर ठेव ना," यतीन म्हणाला. "जग रोज बुडत नाही."

"बाबा, ते दोन आठवड्यांपूर्वी ठरलंय. तिच्या आईने डायरीत लिहिलंय." हे सगळं इंग्रजीत. या देशात दोन मुलींना एकत्र खेळायचं असेल तर दोन आयांच्या डायऱ्या उघडाव्या लागतात, आणि डायरीत लिहिलेलं बदलणं म्हणजे लग्नाच्या हॉलची तारीख बदलणं.

"मग सहाच्या आत ये."

"येईनच. साडेपाचला ते हाकलतातच."

हे खरं होतं. साडेपाच वाजले, की या देशातल्या घराघरांत बटाटे शिजायला पडतात आणि बाहेरच्या मुलांना कोट घालून दारापाशी उभं केलं जातं. बटाटे माणशी मोजलेले. यात राग नाही, लोभ नाही. आठ वर्षांत अवनी असंख्य घरी खेळून आली होती, पण जेवायला एकाही घराने तिला थांबवलं नव्हतं. संपदाला हे फार लागायचं. तिच्या स्वयंपाकघरात मात्र आल्यागेल्या डच पोरांनी वरणभातापासून पुरणपोळीपर्यंत सगळं चापलं होतं. "एकदा," ती म्हणायची, "एकदाच कुणीतरी माझ्या पोरीला पानावर बसवा. मग मी मानेन की आपण इथे राहतो." यतीनला मात्र या बुधवारी त्या मोजलेल्या बटाट्यांचा मोठा आधार वाटला.

बुधवार उजाडला. बुधवारी यतीनची सुट्टी असायची. इथे बरेच बाप आठवड्यातला एक दिवस कापून घेतात आणि त्याला बापाचा दिवस म्हणतात. बुधवारी शाळा दुपारीच सुटते, त्या दिवशी बापाने मुलांना बघायचं. मुलगी एक वाजता घरी आली, पाव खाल्ला आणि फेनाकडे गेली. तो बघत राहिला.

मग त्याने तयारी केली. दोन खुर्च्या मांडल्या, दोन हेडसेट पुसले, वाटीत अवनीच्या आवडीचा चिवडा काढला, तिला नकोत म्हणून त्यातले दाणे वेचून काढले. शेवटी कपाटातून झेफिराच्या कॅप्टनचं जॅकेट काढलं. खांद्यांवर सोनेरी पट्ट्या असलेलं हे लाल जॅकेट त्याने दहा वर्षांपूर्वी घेतलं होतं, म्हणजे ते आताच्या पोटाला विचारून घेतलेलं नव्हतं. बटणं लागली, पण श्वास अर्धाच घ्यायचा या अटीवर.

साडेचारला तो सहज आत डोकावला. स्टेशन जागेवर होतं. पण बाहेर अवकाशात तोबा गर्दी. हजारो जहाजं गोळा झाली होती, लोक एकमेकांना अच्छा म्हणत होते, कुणीतरी फटाके उडवत होतं. या अमेरिकनांना रडायचीही घाई, असं म्हणून यतीन बैलांना चारा घालायला गेला.

पावणेपाचला फोन वाजला. फेनाची आई होती. इंग्रजीत, फार गोड आवाजात तिने विचारलं, की अवनी आज आमच्याकडेच जेवली तर चालेल का? हिरव्या भाजीचा आणि बटाट्याचा लगदा केलाय, तिला नको असेल तर सॉसेज वेगळं ठेवू, फेनाची फार इच्छा आहे.

यतीनला पहिल्यांदा वाटलं की ऐकण्यात काहीतरी गडबड झाली. पण गडबड नव्हती. आठ वर्षांनी एका डच घराने एक बटाटा जास्त टाकला होता, आणि तो नेमका आज.

मग अवनी फोनवर आली. कुजबुजत बोलत होती. "बाबा, प्लीज. शाळेत कुणालाच असं विचारत नाहीत. फक्त मला विचारलंय."

"अगं, पण सहा वाजता—"

"तू एकटा कर ना. मला व्हिडिओ दाखव नंतर."

हे ऐकून यतीनचा चेहरा जॅकेटच्या रंगाचा झाला. चार वर्षं. अठ्ठावीस खोल्या. व्हिडिओ दाखव नंतर!

"नाही," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. "ठरलंय म्हणजे ठरलंय. घरी ये."

पलीकडे टेबलावर ताटं मांडल्याचा आवाज आला. मग अवनी डचमध्ये काहीतरी म्हणाली आणि फोन बंद झाला. शब्द कळले नाहीत, पण अर्थासाठी बेकरीचं डच पुरेसं होतं.

तो परत स्क्रीनसमोर बसला तर तिथे मोठे लाल आकडे उलटे पळत होते. अकरा मिनिटं बाकी.

अशा वेळी साधा माणूस घाबरला असता. यतीन इंजिनियर असल्यामुळे खूश झाला. समोरच्याच्या घड्याळात चूक सापडणं, यापरता आनंद त्याला माहीत नव्हता. "गाढव लेकाचे," तो चिवड्याला म्हणाला, "शेवटच्या दिवशीसुद्धा एक तास पुढे." आणि त्याने कंपनीला तक्रार लिहायला घेतली. नीट, मुद्देसूद. तुमचं काउंटडाऊन साठ मिनिटांनी चुकलेलं आहे, मी व्यवसायाने याच विषयातला आहे, कृपया दुरुस्त करावं. पुरावा म्हणून त्याने तीन स्क्रीनशॉट जोडले. तिसऱ्यात तीस सेकंद शिल्लक दिसत होते. मग त्याने व्याकरण तपासलं.

पाठवायचं बटण दाबलं तेव्हा उत्तर आलं की सर्व्हर उपलब्ध नाही.

स्क्रीन काळी झाली. तिच्यावर एक ओळ उमटली, झेफिराच्या प्रवासात सोबत दिल्याबद्दल आभार, आणि काळ्या काचेत सोनेरी पट्ट्यांचा एक जाडा माणूस तोंड उघडं टाकून बसलेला दिसला. पाच वाजले होते.

झालं होतं ते असं. दिवाळीच्याच रविवारी पहाटे युरोपने आपली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे घेतली होती. यतीनने स्वतः खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं होतं, ओव्हनचं केलं होतं, संपदाच्या गाडीतलंही केलं होतं. अमेरिका आपली घड्याळं पुढच्या रविवारी मागे घेणार होती. वर्षातल्या या एका आठवड्यात कॅलिफोर्निया नऊ नाही, आठच तास मागे असतं. ऑफिसात त्याने याच आठवड्याबद्दल सगळ्यांना सावधगिरीची मेल पाठवली होती. विषयात तीन उद्गारचिन्हं होती.

अवनी पाच वाजून दहा मिनिटांनी आली. बाहेर बारीक पाऊस होता, अंधारलं होतं, केसांतून पाणी गळत होतं. कोट न काढता ती खुर्चीपाशी येऊन उभी राहिली आणि तिने स्क्रीनकडे पाहिलं. मग फ्रिजकडे. मग जॅकेटकडे.

"यू सेड सिक्स."

"हो. ते... एक तासाचा फरक पडला."

"तू घड्याळांचं काम करतोस," अवनी म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत. यतीनला ते डचमध्ये चाललं असतं.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने फक्त सांगितलं, की मी कोट घालत होते तेव्हा फेनाचा लहान भाऊ माझी प्लेट परत कपाटात ठेवत होता. मग तिने विचारलं, "मिस्टरला बाहेर काढलंस?"

यतीनच्या डोळ्यांपुढे दार नसलेली खोली आली. "नाही. राहिलं."

अवनी वर निघून गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं, असं यतीनला वाटलं. वडीलही ओरडले नव्हते.

त्याने संपदाला फोन लावला. ती युट्रेख्टहून ट्रेनने घरी येत होती आणि गाडी सिग्नलला अडकली होती. त्याने सगळं सांगितलं, घड्याळासकट.

"थांब," संपदा म्हणाली. "जेवायला बोलावलं होतं? त्यांनी? स्वतःहून?"

"हो."

"आणि तू नाही म्हणालास. गेमसाठी."

"निरोपाचा कार्यक्रम होता गं तो."

"आठ वर्षं!" ती एवढ्या जोरात ओरडली की तिच्या डब्यातलं कुणीतरी तिला डचमध्ये शांत राहायला सांगताना ऐकू आलं. "आठ वर्षं त्या बटाट्यासाठी थांबलोय आपण, यतीन! आत्ताच्या आत्ता तिला घेऊन जा. पाया पड, काहीही कर."

"असं परत जाता येतं का इथे?"

"तू गेम वाचवायला निघाला होतास ना? मग हे वाचव!"

वरच्या दाराशी यतीनला दहा मिनिटं विनवण्या कराव्या लागल्या. "धिस इज सो एम्बॅरसिंग," अवनी दाराआडून म्हणाली, पण पोटात भूक असावी, कारण शेवटी ती बाहेर आली. यतीनने चिवड्याचा डबा पिशवीत टाकला आणि दोघं आपापल्या सायकलींवर निघाली. वाटेत अवनी पुढे होती. तिचा लाल दिवा लांब जात होता आणि यतीन अर्ध्या श्वासावर पॅडल मारत होता, कारण जॅकेट काढायचं गडबडीत राहून गेलं होतं. सिग्नलला एका म्हाताऱ्या बाईने त्याला बँडच्या वादकाला करतात तसा नमस्कार केला.

दोघं फेनाच्या घरी पोचली तेव्हा सहाला दहा कमी होते. यतीनने सायकल कुंपणाला टेकवली आणि बेल दाबली. दार फेनाच्या आईने उघडलं. तिने आधी अवनीकडे पाहिलं, मग सोनेरी पट्ट्यांकडे, आणि मग नवऱ्याला हाक मारली.

यतीनने इंग्रजीत भाषण केलं. कॅलिफोर्निया, हिवाळा, आठ तास, नऊ तास, माझी चूक, मुलीची काही चूक नाही. हवं तर तिला अजूनही जेवायला थांबता येईल. शेवटी पिशवी पुढे केली.

फेनाचे बाबा ताडमाड उंच. अंगात कोट चढवून, कुठेतरी निघायच्या बेतात उभे होते. त्यांनी डबा उघडून वास घेतला. "आम्ही आज लवकर जेवलो," ते अगदी सरळपणे म्हणाले. "संपलं सगळं."

यतीनला वाटलं, आता जमीन दुभंगावी. ती नेदरलँडची जमीन होती, तिने फक्त थोडं पाणी वर सोडलं आणि ते त्याच्या बुटात शिरलं.

तेवढ्यात आतून फेना धावत आली. डचमध्ये दोन मिनिटं काहीतरी चाललं, आणि मग फेनाची आई म्हणाली, की गोड खाणं अजून व्हायचंय, व्हॅनिलाचं, वाटी एक जास्तीची आहे. अवनी आत येऊ शकते. साडेसातपर्यंत.

अवनी आत गेली. चप्पलबूट काढताना तिने मागे वळून पाहिलं आणि यतीनला हात केला. हात कसला, दोन बोटं. पण त्याला तेवढं पुष्कळ होतं. "बाबा, मला न्यायला मम्माला पाठव," ती म्हणाली, आणि दार लागलं.

त्याला कुणी आत बोलावलं नाही. तो थोडा वेळ खिडकीबाहेर उभा राहिला. या देशात खिडक्यांना पडदे ओढत नाहीत, त्यामुळे सगळं दिसत होतं. टेबल, पाच वाट्या, मधोमध अवनी. ती काहीतरी सांगत होती, हात पसरून, बहुधा बैल केवढे मोठे होते ते, आणि सगळे हसत होते. मग फेनाचा लहान भाऊ बोट दाखवायला लागला, तेव्हा यतीन खिडकीपासून घाईने बाजूला झाला, अंधारात सायकल ओढली आणि निघाला.

वाटेत त्याने संपदाला फोन करून सांगितलं की वाचवलं. सीट जरा उंच वाटत होती, पाय जमिनीला नीट पोचत नव्हते, पण दिवसच तसा होता, त्याने मनावर घेतलं नाही.

घराशी आल्यावर तो कुलूप लावायला वाकला आणि जॅकेटचं मधलं बटण तुटून गटारात गेलं. कुलूप वेगळंच होतं. सायकल त्याची नव्हती. खिशात फोन वाजत होता. अवनी होती. फेनाच्या बाबांना साडेसहाला गाण्याच्या तालमीला जायचं होतं, म्हणून त्यांनी आपली सायकल कुलूप उघडून कुंपणाशी काढून ठेवली होती, आणि आता ती सापडत नव्हती. ते पोलिसांना फोन करत होते.